बीजिंगला स्वतःच्या भरवशावर जाण्याची तयारी: यादी पासपोर्टापासून सुरू

कोणत्याही सहल कंपनीचा आधार न घेता बीजिंगला जाणाऱ्यांसाठी ही यादी लिहीत आहे, कारण पहिल्या खेपेस आम्ही दोघांनी सहा दिवसांचा आराखडा तासातासाच्या हिशेबाने आखला आणि तरीही निषिद्ध नगरी, म्हणजे चिनी सम्राटांचा जुना राजवाडा, आतून न पाहताच परतलो. आरक्षण झालेले होते, पैसे भरलेले होते, रविवारची सकाळची वेळ मिळालेली होती. फक्त पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत होते आणि खिशात त्यांच्या झेरॉक्स होत्या. परदेशी निघालेल्या माणसाला आपल्याकडे घरची मंडळी हेच बजावून पाठवतात, की पासपोर्ट कुलपात ठेवावा आणि झेरॉक्स घेऊन फिरावे. बीजिंगमध्ये हा सल्ला साफ चुकीचा आहे.

विमान, हॉटेल, औषधे यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. भारतीयांना पर्यटक व्हिसा मिळतो. तारखा ठरवताना १ ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय सुट्टी, मे महिन्याचा आरंभ आणि चिनी नववर्ष एवढे टाळावे, कारण त्या दिवसांत अख्खा चीन प्रवासाला निघालेला असतो. सोमवार कोठे येतो हेही पाहावे, कारण एरवी दर सोमवारी निषिद्ध नगरी बंद असते. आमची रविवारची संधी हुकली आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

निषिद्ध नगरीचे तिकीट दारावर मिळेल या समजुतीत कोणी राहू नये. ते सात दिवस आधी ऑनलाइन खुले होते, तेही बीजिंगच्या रात्री आठ वाजता, म्हणजे आपल्या सायंकाळी साडेपाचला. गर्दीच्या दिवसांत ते फार वेळ शिल्लक राहत नाही. दर एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन आणि उरलेल्या महिन्यांत ४० युआन आहे, त्यामुळे अडचण पैशांची नसून वेळेची आहे. तिकीट नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघते. आपल्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःच्या नावामागे वडिलांचे किंवा पतीचे नावही छापलेले असते. ते तसेच, छापील क्रमाने आणि छापील स्पेलिंगने भरावे, तेथे लाडके संक्षेप चालत नाहीत. नगरीच्या दक्षिणेच्या तिआनआनमेन चौकात उतरायचे असेल, तर त्याचे आरक्षण वेगळे करावे लागते.

आता मूळ पासपोर्ट. वेगळे कागदी तिकीट असे नसते, पासपोर्ट हेच तिकीट असते. निषिद्ध नगरीत प्रवेश फक्त दक्षिणेच्या मध्यान्हद्वारातून मिळतो, आणि त्या बाजूला पोहोचण्याआधीच सुरक्षातपासणीची लांब रांग लागते. आम्ही त्या रांगेत पुढे सरकत सरकत तपासनिसापर्यंत आलो आणि झेरॉक्स पुढे केली. त्याने ती उलटून पाहिली, परत दिली आणि हाताने बाहेरची वाट दाखवली. मोबाइलमधील छायाचित्रही दाखवले. त्याने ते पाहिलेसुद्धा नाही. मेट्रोने हॉटेल गाठून परत येईपर्यंत सकाळच्या प्रवेशाची वेळ संपली होती. मूळ पासपोर्ट घ्यावा. संग्रहालयासाठी घ्यावा, आगगाडीसाठी घ्यावा, चीनच्या भिंतीसाठी घ्यावा, आणि ‘आज तर नुसते गल्ल्यांतून फिरायचे आहे’ असे वाटेल त्या दिवशीही घ्यावा, कारण फिरता फिरता एखाद्या संग्रहालयाचे दार दिसते आणि तेथेही पासपोर्टच मागतात. गळ्यात अडकवण्याची पातळ पिशवी शिवून घ्यावी किंवा विकत घ्यावी. हरवण्याची भीती रास्त आहे, आणि झेरॉक्सचा उपयोग तेवढ्यापुरताच आहे: ती तिजोरीत ठेवावी आणि पासपोर्ट अंगावर. आम्ही नेमके उलटे केले होते.

पैशांची तयारी घरूनच करावी, तेथे पोहोचून नव्हे. बीजिंगमध्ये भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सारे व्यवहार अलिपे किंवा वीचॅट या चिनी मोबाइल अ‍ॅपच्या क्यूआर कोडवर चालतात, आणि त्यांना आपले व्हिसा किंवा मास्टरकार्डचे बँक कार्ड जोडता येते. पण कार्डावर परदेशी व्यवहारांची परवानगी आधी बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावी लागते, आणि जोडणीच्या वेळी येणारा ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो. तो क्रमांक तेथे रोमिंगवर चालू नसेल, तर अनोळखी दुकानदारासमोर वाटी हातात धरून उभे राहण्याची पाळी येते. थोड्या नोटाही जवळ असाव्यात.

गूगल, जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप चिनी इंटरनेटवर उघडत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर ते सहसा चालतात, हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत; म्हणून आरक्षणाच्या पावत्या मेलमध्ये न ठेवता फोनमध्ये उतरवून घ्याव्यात. नकाशासाठी अमॅप घ्यावे, कारण गूगलचा नकाशा चीनमध्ये जागा सरकवून दाखवतो. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत लिहिलेले कार्ड स्वागतकक्षातून मागून घ्यावे आणि पासपोर्टाच्याच पिशवीत ठेवावे, म्हणजे एक पाहताना दुसऱ्याची आठवण होते.

मेट्रो उत्तम आहे. भाडे ३ युआनपासून सुरू होते आणि फलक इंग्रजीतही असतात. मात्र प्रत्येक स्थानकावर पिशव्यांची तपासणी होते, तो वेळ हिशेबात धरावा.

शाकाहाऱ्यांनी केवळ ‘मांस नको’ म्हणून थांबू नये. भाजी दिसते भाजीसारखी, पण ती मांसाच्या रसात किंवा कालवांच्या सॉसमध्ये परतलेली असू शकते. ‘सू’ म्हणजे शाकाहार. तरी आपला उच्चार कोणाला कळेल याचा भरवसा नाही, म्हणून काय चालत नाही ते सविस्तर चिनीत लिहून घेतलेली चिठ्ठी दाखवावी. मेतकूट आणि चिवडा अर्थातच. नळाचे पाणी पिऊ नये; उकळलेले पाणी सर्वत्र मिळते, त्यासाठी थर्मास न्यावा.

चीनच्या भिंतीसाठी बादालिंग आणि मुत्यान्यू या तिच्या दोन भागांत निवड करायची झाल्यास माझे मत मुत्यान्यूच्या बाजूने आहे. बादालिंगला वेगवान आगगाडीने लवकर पोहोचता येते, पण तेथील गर्दीत भिंतीपेक्षा टोप्याच अधिक दिसतात. मुत्यान्यूला जाण्यास वेळ लागतो, मात्र वर रोपवे आहे आणि उतरताना घसरगाडीने येता येते. पायऱ्या उंच व असमान आहेत, बूट चांगले घालावेत. आणि पासपोर्ट घ्यावा, हे येथेही.

निषिद्ध नगरी हुकलीच, तर तिच्या उत्तरेच्या जिंगशान टेकडीवर चढावे. खंदक खणताना निघालेल्या मातीची ही टेकडी; १६४४ मध्ये मिंग घराण्याच्या शेवटच्या सम्राटाने येथेच गळफास घेतला. माथ्यावरून १४२० मध्ये पूर्ण झालेल्या त्या राजवाड्याची पिवळी छपरे ओळीने दिसतात. आम्ही तेथे बराच वेळ उभे होतो, या वेळी दोन्ही पासपोर्ट खिशात घेऊन.

बाकी थोडक्यात. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. चीनमधील देशांतर्गत विमानात थ्री-सी (सीसीसी) हा चिनी सुरक्षा-प्रमाणनाचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. घड्याळ अडीच तास पुढे करावे. परतीचे विमान कॅपिटल विमानतळावरून आहे की दाशिंगवरून, ते तिकिटावर नीट वाचावे. एक शहराच्या ईशान्येला आहे आणि दुसरे दक्षिणेला.