घरातील कात्रणे विषयवार कशी लावावीत

नागपूरविषयीची कात्रणे आणि स्मरणिका वर्षानुवर्षे साठत जातात आणि हवे ते कात्रण ऐनवेळी हाती लागत नाही. दोष बहुधा कपाटाचा नसून शब्दांचा असतो. नागपुरातील एकाच वस्तीसाठी एका पाकिटावर आपण ‘बर्डी’ लिहितो, दुसऱ्यावर ‘सीताबर्डी’. म्हणून फायली करण्याआधी शब्द ठरवावेत.

प्रथम वीस-पंचवीस कात्रणे पूर्ण वाचून प्रत्येक कशाविषयी आहे ते एका वाक्यात लिहावे. मथळ्यावर विसंबू नये, कारण ‘संत्र्याने रडवले’ या मथळ्याखाली पडलेल्या भावाची बातमी असू शकते किंवा बागेतील फळगळतीची. त्या वाक्यातून दोन-तीन विषय निवडावेत.

मग प्रत्येक विषयाला एकच शीर्षक द्यावे आणि त्याचे एक कार्ड करावे. मोजता येणाऱ्या वस्तू अनेकवचनी लिहाव्यात: संत्री, तलाव. नाकारलेला शब्द मात्र टाकून देऊ नये. त्याचेही कार्ड करून ‘बर्डी – पाहा: सीताबर्डी’ असे लिहावे. ‘सीताबर्डी’ या नावाने वस्तीही ओळखली जाते, किल्लाही आणि १८१७ची लढाईही; अशा ठिकाणी कंसात खुलासा करून तीन शीर्षके वेगळी ठेवावीत.

खरी कसोटी जुन्या नावांची. ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ आणि ‘विदर्भ’ यांना समानार्थी मानण्याचा मोह होतो, पण तो टाळलाच पाहिजे. मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याच्या कारभारात आला, आणि नागपूर राजधानी असलेल्या त्या प्रांतात जबलपूर, रायपूर हे हिंदी भाषक जिल्हेही होते. येथे ‘पाहा’ चुकीचे ठरते. दोन्ही कार्डांवर ‘हेही पाहा’ लिहावे आणि कोणत्या शीर्षकाखाली काय येते, याची एका ओळीची व्याप्तीटीप जोडावी.

यानंतर व्यापक व संकुचित विषय जोडावेत: ‘लिंबूवर्गीय फळे’ याखाली ‘संत्री’ आणि ‘मोसंबी’. कात्रण संत्र्यांचेच असेल तर ते ‘संत्री’ याच शीर्षकाखाली ठेवावे.

यादी संगणकावर असल्यास ‘वऱ्हाड’मधील ‘ऱ्ह’ टंकलेखनात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. दिसायला सारखा असूनही तो शोधात सापडत नाही, म्हणून शीर्षक प्रत्येक वेळी नव्याने न टंकता यादीतूनच उचलावे.

शेवटी घरातील दुसऱ्या कोणाला तरी एखादे कात्रण शोधायला सांगावे. त्यांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द यादीत नसेल, तर त्याच दिवशी त्याचे ‘पाहा’ कार्ड तयार करावे.