एस्टीममध्ये बलेनोचं सोळाशेचं इंजिन: पहिला नट खोलण्याआधी करायचं नियोजन

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे. रोजीरोटी क्लच-ब्रेकच्या कामावर चालते, पण जीव अडकलाय तो रॅली आणि ऑटोक्रॉसच्या (आखलेल्या छोट्या ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत) गाड्यांत. पावसाळा संपत आला की कुणीतरी जुनी मारुती एस्टीम घेऊन येतो आणि विचारतो, "मामा, यात बलेनोचं इंजिन बसेल काय?" बसतं. आपल्याकडच्या रॅलीवाल्यांनी ते कैक वर्षं बसवलंय. तरी निम्म्या गाड्या आठ-दहा महिने जॅकवर उभ्या राहतात आणि शेवटी भंगारात जातात, कारण इंजिन आधी विकत घेतलं जातं आणि विचार नंतर केला जातो. म्हणून मी माझी पद्धत इथे सविस्तर लिहितोय.

आधी हे कशासाठी करायचं ते बघू. एस्टीमचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन म्हणजे जी१३बीबी, १२९८ सीसी, ८५ बीएचपी. जुन्या बलेनो सेडानचं (१९९९ साली आलेली, आत्ताची हॅचबॅक वेगळी) जी१६बी, १५९० सीसी, ९४ बीएचपी. नऊ बीएचपीसाठी एवढा खटाटोप कोण करेल? खरी कमाई टॉर्कची, म्हणजे ओढायच्या जोराची आहे. तेराशेचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ७५.५; सोळाशेचा बोअर ७५ आणि स्ट्रोक ९०. म्हणजे वाढलेली जवळजवळ सगळी सीसी लांब स्ट्रोकमधून आली. त्यामुळे घाटातल्या आवळ वळणातून बाहेर पडताना गाडी तिसऱ्यातच ओढते, दुसरा टाकावा लागत नाही. एस्टीम वजनाला नऊशे किलोच्या आतली, त्यामुळे हा फरक पाठीला जाणवतो.

पण त्याच स्ट्रोकची एक अट आहे. ७००० आरपीएमला तेराशेच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसतरा मीटरच्या आसपास असतो, सोळाशेचा २१ मीटर. तेराशे जशी किंचाळेपर्यंत पिळायची सवय असते तशी स्टॉक सोळाशे पिळू नका. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आणि बेअरिंग ते फार दिवस सोसणार नाहीत. साडेसहा हजारांच्या आत गिअर टाकायची सवय लावा, तेवढ्यात काम होतं. उंच आरपीएमवर खेळायची हौस असेल, तर तेराशेच नीट बांधून घ्या. मी अनेकांना हाच सल्ला देतो, आणि तो मनापासून देतो.

आता कायदा, कारण हा भाग सगळे शेवटी ढकलतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं: बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. वर अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकू शकते, आणि समोरच्या जखमी माणसाचा खर्च तुमच्या घरावर येऊ शकतो. त्यामुळे मी ही गाडी फक्त बंद ट्रॅकसाठी आणि स्पर्धेसाठी बांधतो. ती ट्रेलरवर जाते, ट्रेलरवर येते. तिच्या आरसीचं काय करायचं ते आरटीओत जाऊन आधी लेखी निकाली काढा. रोज ऑफिसला न्यायची एकुलती एक गाडी असेल तर मी कामाला हात लावत नाही.

स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआयचे (देशातल्या मोटरस्पोर्टची नियामक संघटना) नियम आणि त्या त्या स्पर्धेची नियमपुस्तिका इंजिन घेण्याआधी वाचा. वर्ग सीसीवर ठरतात. आज तुमची तेराशे तिच्यासारख्याच गाड्यांशी लढते. सोळाशे झाली की शेजारी १०६ बीएचपीची होंडा सिटी व्हीटेक येऊन उभी राहू शकते. तिथे तुम्हाला उभं राहायचंय का, हे घरी बसून ठरवा.

ठरलं? मग नुसतं इंजिन शोधू नका, चालू स्थितीतली अख्खी बलेनो शोधा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटं इंजिन कदाचित स्वस्त मिळेल, पण त्याबरोबर वायरिंग कापलेलं येतं, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) दुसऱ्याच गाडीचा येतो, ब्रॅकेट येतच नाहीत. अख्ख्या गाडीत गिअरबॉक्स, शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकाला ताकद नेणारे दांडे), फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, रेडिएटर, पंखा, सेन्सर, रिले, सगळं एकमेकांशी जुळलेलं मिळतं. गिअरबॉक्स एस्टीमचा ठेवायचा मोह होईल, कारण एकाच घराण्यातली इंजिनं आहेत. मी इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच गाडीतून घेतो. गाडीची कागदपत्रं, विकणाऱ्याची सही आणि इंजिन नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी कायमची मोडणार असाल तर कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवावं लागतं.

बलेनो घेताना कॉम्प्रेशन गेज बरोबर न्या. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखी साय दिसली तर ती गाडी सोडून द्या. आणि चांगलं निघालं तरी हे इंजिन आता कमीत कमी पंधरा-वीस वर्षांचं आहे. रिंगा, बेअरिंग, हेड गॅसकेट, सगळी ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप स्टँडवरच बदलायचं धरून चाला. ओव्हरसाइझ पिस्टन बाजारात मिळतात का, हे ब्लॉक बोअरिंगला देण्याआधी विचारा.

खर्चाचा माझा अंदाज असा: अख्ख्या बलेनोला आणि इंजिन बांधायला जेवढं लागेल तेवढंच पुन्हा बाकीच्या कामाला धरा, आणि वर चौथा हिस्सा बाजूला ठेवा. तो लागतोच.

आता मोजमाप. एस्टीमचं जुनं इंजिन जागेवर असतानाच तीन गोष्टी टिपून ठेवा: दोन्ही बाजूंना शाफ्ट गिअरबॉक्समध्ये जिथे शिरतो त्याच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची, सस्पेन्शन टॉवरपासूनचं अंतर आणि फायरवॉलपासूनचं (इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यापासूनचं) अंतर. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांत सारखी हवा, मध्यबिंदूवरून ओळंबा सोडून फरशीवर खूण. नवीन इंजिन कुठेही नेलंत तरी हा बिंदू हलता कामा नये. तो हलला की शाफ्ट तिरके चालतात आणि जॉइंट खातात.

मग इंजिन-गिअरबॉक्स एकत्र जोडून चेन-पुलीला लटकवा आणि आत सोडून बघा. लांब स्ट्रोकमुळे सोळाशेचा ब्लॉक उंच आहे, म्हणून बॉनेटची पट्टी, एअर इनटेक आणि एक्झॉस्टची जागा लगेच तपासावी लागते. त्यासाठी मी शाडूची माती वापरतो; आमच्याकडे गणपतीनंतर ती भरपूर उरते. इंजिनाच्या सगळ्यात उंच जागांवर शाडूचे अंड्याएवढे गोळे ठेवायचे, बॉनेट हळूच पूर्ण बंद करायचं, उघडायचं आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी स्लाइड कॅलिपरने मोजायची. किमान २० मिलिमीटर सुटायला हवेत, कारण ॲक्सिलरेटर मारला की इंजिन रबरी माउंटिंगवर उचलतं. कमी भरले तर माउंटिंगचे ब्रॅकेट बदला. खालचा क्रॉसमेंबर (आडवी तुळई) कापू नका. त्याच्यावर सस्पेन्शनचा जीव आहे.

ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याचा, मग सहा मिलिमीटर प्लेटचा. जागेवर फक्त टाके मारा, बाहेर काढून पूर्ण वेल्डिंग करा. गाडीत ठेवून वेल्डिंग केलं तर उष्णतेने प्लेट ओढली जाते आणि बोल्टाचं भोक सरकतं. रबर बुश काढून घन माउंटिंग लावायची फॅशन आहे. त्याने बॉडीचे स्पॉट वेल्ड सुटतात.

शाफ्टची लांबी दोन टोकांना तपासा. स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर ढकला, मग पूर्ण खाली लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. वर असताना जॉइंट आत टेकता कामा नये, खाली असताना कपातून बाहेर यायला नको.

सगळ्यात जास्त वेळ वायरिंगला द्या. बलेनो अजून चालू आहे तोवरच तिचं वायरिंग सोडवायला लागा. प्रत्येक कनेक्टरला कागदी टेप लावून त्यावर मार्करने नाव लिहा, फोटो काढा. मग डॅशबोर्ड उतरवा आणि दिवे, वायपर, काचा, म्युझिक अशी एकेक शाखा सुटी करत जा. प्रत्येक शाखेनंतर इंजिन चालू करून बघा. शेवटी इंजिन ज्यावर चालतं तेवढंच वायरिंग उरतं, आणि एस्टीमला जोडायला मोजक्या वायरी राहतात: बॅटरीचा कायमचा प्लस, इग्निशनचा प्लस, स्टार्टरचा सिग्नल, फ्युएल पंप रिले, आरपीएम आणि टेंपरेचरचा काटा, स्पीड सेन्सर, चेक इंजिनचा दिवा. जोड सोल्डर करू नका, क्रिंप करून वर हीट श्रिंक चढवा. रॅलीच्या हादऱ्यांत सोल्डर जोडाच्या कडेला तुटतं.

अर्थिंगसाठी एक चाचणी कायम करा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिन ब्लॉकला, आणि स्टार्टर मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी जाड करा. ईसीएम खराब म्हणून फेकलेले कितीतरी मी या एका पट्टीने जिवंत केलेत.

पेट्रोलचं गणित सोपं आहे. पूर्ण ताकदीला या इंजिनाला तासाला साधारण ३२ लिटर लागतात. थोडं राखून ४० धरा, म्हणजे मिनिटाला सुमारे ६७० मिली. इंजिन बंद ठेवून, रेग्युलेटर (पेट्रोलचं प्रेशर राखणारा) जागेवर असताना पंप रिलेला जम्पर देऊन चालवा आणि रिटर्न लाइन मिनिटभर मापाच्या कॅनमध्ये सोडा. तेवढं पडलं नाही तर पंप बदला. हे उघड्यावर करा, अग्निशामक हाताशी ठेवून. कार्ब्युरेटरवाली एस्टीम असेल तर पंप, लाइन आणि टाकीपर्यंतचा रिटर्न सगळंच नव्याने करावं लागेल.

रेडिएटर आणि पंखा बलेनोचाच. पुढच्या वजनासाठी भंगारवाल्याच्या लटकत्या काट्यावर दोन्ही इंजिनं गिअरबॉक्ससकट तोला, आणि जेवढा फरक येईल त्याप्रमाणे पुढच्या स्प्रिंगा निवडा. ब्रेक मात्र इंजिनाच्या आधी. नवीन होज, डॉट ४ फ्लुइड, चांगले पॅड, आणि मागचे ड्रम उघडून सिलिंडर गळत नाहीत याची खात्री. ब्रेक पक्के झाल्याशिवाय मी इंजिनाची चावी मालकाच्या हातात देत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा की एस्टीम चालती राहील. बलेनोचं इंजिन बांधून स्टँडवर तयार, वायरिंग मोकळं, ब्रॅकेटची प्लेट कापलेली, शाफ्ट तपासलेले, आणि मगच तेराशे बाहेर काढा. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, इंजेक्टरचे कनेक्टर सोडवून स्टार्टर मारा, ऑइलचं प्रेशर आलं की प्लग लावा. पंखा दोनदा लागेपर्यंत जागेवर चालवा, बंद करा, रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी कूलंट भरा, माउंटिंगचे आणि मॅनिफोल्डचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि मगच गाडी ट्रेलरवर चढवा.