बसमध्ये कोणी पुणेकरांना नावं ठेवत असेल तर काय करायचं

स्वारगेटला बसमध्ये चढलात आणि मागून आवाज आला, 'यहाँ के लोगों को लाइन में खड़े रहना आता ही नहीं', तर आधी एक स्टॉप जाईपर्यंत गप्प राहा. मनापासून सांगतोय. मी पूर्वी लगेच 'मग आलात कशाला इथे' म्हणायचो, त्याने एकाचंही मत बदललं नाही, उलट समोरच्याला वाटायचं आपण बरोबरच बोललो.

तेवढ्या वेळात तक्रार नक्की कशाची आहे ते ऐका. खरी असेल तर सरळ मान्य करा, हो चुकतंय. खिडकीतून गुटख्याची पिचकारी मारणारा, स्पीकर फुल करून रील बघणारा, डाव्या बाजूच्या लेडीज सीटवर डोळे मिटून बसलेला बाप्या, यांची बाजू आपण का घ्यायची, आपल्या गावचे म्हणून? यांचा त्रास रोज आपल्याच घरच्यांना होतो.

पण काही गोष्टी नवीन माणसाला माहीत नसतात, त्या मोडक्या हिंदीत का होईना सांगा. पीएमटीत (म्हणजे पुण्याच्या सिटी बसमध्ये, २००७ला पीएमपीएमएल झाली तरी आपण पीएमटीच म्हणतो) मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने उतरायचं, त्यामुळे उतरणारा दोन स्टॉप आधीपासून गर्दीतून पुढे सरकत असतो आणि नवीन माणसाला ती धक्काबुक्की वाटते. कंडक्टर 'अहो पुढे सरका, मधे जागा आहे' ओरडतात ते भांडण नसतं, दाराशी लटकलेल्यांना आत घ्यायचं असतं. आणि स्टॉपवरची झुंबड, ती बस चुकली की कामावर उशीर म्हणून. हीच माणसं मेट्रोत (२०२२ पासून आहे) बऱ्यापैकी रांगेत उभी दिसतात, कारण पाठोपाठ दुसरी येणार हे माहीत असतं.

'मराठी लोग ऐसे ही होते हैं' असं सरसकट आलं तर मात्र सोडू नका, फक्त आवाज चढवायचा नाही. कोण चुकलं ते विचारा आणि त्या माणसाशी आपण स्वतः बोला.

मागच्या महिन्यात हडपसरच्या गाडीत हेच केलं. दोन मुली चिडून बोलत होत्या, लेडीज सीटवर एक पोरगा, शेजारी आजी एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात मेथीची पिशवी घेऊन उभ्या. मी म्हटलं, 'दादा, आजींना बसू दे जरा', पोरगा एक शब्द न बोलता उठला. त्यातल्या एकीने आजी बसेपर्यंत पिशवी धरली, मग मलाच विचारलं, 'भैया, वैदुवाडी कब आएगा?' म्हटलं, रामटेकडीनंतर, पण फातिमानगर गेलं की पुढच्या दाराकडे सरकायला लागा.