परराज्यात मालट्रक नेताना या चुका टाळा

नॅशनल परमिट काढले की देशभर कुठूनही कुठेही माल वाहता येतो, हा ट्रकवाल्यांमधला सर्वांत महागडा गैरसमज आहे. या परमिटवर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेता येतो. परराज्यात भरलेला माल त्याच राज्यात उतरवता येत नाही. कोल्हापूरहून गूळ घेऊन राजकोटला गेलेल्या आमच्या ओळखीच्या एका चालकाने परतताना सुरतेचे भाडे घेतले. सुरत वाटेतच आहे, रिकामी गाडी आणण्यापेक्षा डिझेल तरी सुटेल, हा त्याचा हिशेब. भरूचजवळ गाडी अडवली तेव्हा त्याने मोठ्या विश्वासाने ई-वे बिल (जीएसटी पोर्टलवर काढलेला मालवाहतुकीचा कागद) पुढे केले आणि तिथेच तो सापडला, कारण राजकोट, सुरत आणि कोल्हापूरच्या एमएच ०९ ने सुरू होणारा गाडी क्रमांक हे तिन्ही त्या एकाच कागदावर होते. परमिटची अट मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२अ नुसार पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. भाडे देणाऱ्या दलालाने नंतर फोन उचलला नाही, हे वेगळे सांगायला नको. परतीचा माल ठरवताना मी आधी तो कुठे उतरणार ते विचारतो आणि भाड्याचा आकडा मागाहून. महाराष्ट्रात उतरणारा माल मिळेपर्यंत ट्रान्सपोर्ट नगरात मुक्काम करावा लागतो. नव्या पोरांना तेवढाही धीर नसतो.

दुसरी चूक मोबाईलमधल्या कागदपत्रांची. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अ‍ॅपमध्ये उघडून दाखवलेले आरसी आणि लायसन्स मूळ कागदाइतकेच ग्राह्य असते, पण मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आरसीचा फोटो म्हणजे फक्त फोटो असतो, हे तपासणीच्या वेळी हुज्जत घालून बदलत नाही. सीमेवर रेंज जाते आणि ओटीपी मालकाच्या फोनवर येतो, म्हणून मी निघण्यापूर्वीच लॉगिन करून ठेवायला सांगतो आणि विमा, फिटनेस, पीयूसी यांच्या प्रती प्लास्टिकच्या फाईलमध्ये केबिनमध्येच ठेवतो.

पासिंगपेक्षा (आरसीवर नोंदलेल्या वजनमर्यादेपेक्षा) जास्त माल भरू नका: दंड २०,००० रुपये, वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० आणि जादा माल आपल्याच खर्चाने उतरवायचा. वजनकाट्यावर गाडी घ्यायला नकार दिला तर ४०,०००. ई-वे बिलाला साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो; गाडी बंद पडून मुदत संपत असेल, तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तासांनंतरपर्यंत ती वाढवता येते. वाटेत माल दुसऱ्या गाडीत भरला, तर बिलावरचा क्रमांकही बदलून घ्यावा.

लायसन्स जप्त केले तर पोचपावती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. हातावर नोट ठेवून सुटणाऱ्यांना मोकळे झाल्यासारखे वाटते, पण त्यांच्याकडे पुढच्या नाक्यावर दाखवायला काहीच नसते. परराज्यातल्या कॅमेऱ्याने केलेले ई-चलन गाडीच्या क्रमांकावर चढलेले असते, म्हणून खेप संपली की हमालीचा हिशेब मिटवतानाच मी परिवहनच्या पोर्टलवर क्रमांक टाकून पाहतो.