बोटीची बॅटरी ऐन पाण्यात दगा का देते? या चुका टाळा

किल्ली फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज येतो आणि पुढे काही नाही. किनाऱ्याला असताना हे झालं तर एक दिवस बुडतो. प्रवाहात असताना झालं तर बोट पाणी नेईल तिकडे जाते. गाडीला धक्का मारता येतो, बोटीला कोण मारणार?

माझ्यावर ही वेळ तिन्हीसांजेला आली होती. दिवसभर इंजिन बंद करून गळ टाकून बसलो होतो. फिशफाइंडर (पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र), पंप, दिवे, सगळं एकाच बॅटरीवर चालू. अंधारून आल्यावर सेल्फ मारला तर तो फिरेना. दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढत आणलं. 'बॅटरीच खराब निघाली' असं मी पुढे कितीतरी दिवस सांगत होतो. बॅटरीत दोष नव्हता. जे काम तिचं नव्हतं ते मी तिच्याकडून करून घेत होतो.

सेल्फची बॅटरी दिवसभर वापरणं

सेल्फसाठीच्या बॅटरीत पातळ प्लेटा असतात, पण भरपूर. त्यामुळे काही सेकंद शेकडो अँपियर देणं तिला जमतं. इंजिन सुरू झालं की तिचं काम संपलं. एवढ्यात तिची फार थोडी शक्ती खर्च होते आणि ती लगेच भरून निघते. डीप सायकल बॅटरीत प्लेटा जाड असतात. ती एकदम जोर लावत नाही, पण तासन्‌तास थोडा थोडा करंट देत राहते. सेल्फची बॅटरी वारंवार तळापर्यंत उतरवली तर तिच्या पातळ प्लेटांवरचा लेप सुटून खाली साचतो, आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही.

म्हणून जागा असेल तर दोन बॅटऱ्या ठेवा. एक फक्त इंजिनाला, दुसरी बाकी सगळ्याला, आणि मध्ये निवडीचा स्विच. इंजिन चालू असताना हा स्विच 'ऑफ'च्या खुणेवरून जाईल असा फिरवू नका. क्षणभर जरी जोडणी तुटली तरी अल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचे) डायोड जाऊ शकतात. एकाच बॅटरीची जागा असेल तर दुहेरी कामाची घ्या आणि इंजिन बंद असताना काय काय चालू ठेवायचं यावर मर्यादा घाला.

लेबलवरचा मोठा आकडा बघून भुलणं

सीसीए (कडाक्याच्या थंडीत सेल्फसाठी बॅटरी किती अँपियर देते तो आकडा) उणे १८ अंश सेल्सियसला मोजतात: ३० सेकंद तेवढा करंट देऊनही १२ व्होल्टची बॅटरी ७.२ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. एमसीए (बोटीच्या बॅटरीवरचा तसाच आकडा) शून्य अंशाला मोजतात, म्हणून त्याच बॅटरीचा एमसीए जास्तच दिसतो. एका बॅटरीचा सीसीए आणि दुसरीचा एमसीए अशी तुलना करू नका. किती हवा ते इंजिनाच्या पुस्तिकेत असतं.

अँपियर-अवरचंही तसंच. १०० अँपियर-अवर म्हणजे सहसा ५ अँपियर, २० तास. त्याच बॅटरीला ५० अँपियर ओढणारी ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवणारी विजेची मोटर) लावली तर ती २ तास पुरत नाही, बरीच आधी बसते. शिवाय शिशाची बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवू नये. मग हिशेब असा करा: सगळी साधनं मिळून ४ अँपियर घेत असतील आणि इंजिन ६ तास बंद राहणार असेल तर २४ अँपियर-अवर लागतात, म्हणजे बॅटरी निदान ५० ची हवी. मी थोडी मोठीच घेतो.

अर्धवट चार्ज करून ठेवून देणं

माझ्या मते सगळ्यात जास्त बॅटऱ्या याच चुकीने मरतात. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर शिशाचं सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं. तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर त्याचे कडक स्फटिक बनतात, आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

'इंजिन चालवलं ना, झाली चार्ज' हा समज सोडा. लहान आउटबोर्डचं (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचं) चार्जिंग मुळात कमी, आणि इंजिन मंद चालत असेल तर आणखी कमी. पाऊण भरल्यावर शिशाची बॅटरी उरलेला करंट फार सावकाश घेते. त्याला काही तास लागतात. म्हणून परत आल्यावर त्याच संध्याकाळी चार्जर लावा. चार्जर आपोआप टप्पे बदलणारा हवा आणि त्यावर बॅटरीचा प्रकार निवडता यायला हवा. साध्या पाण्याच्या बॅटरीला सुमारे १४.४ ते १४.८ व्होल्ट चालतात. जेल बॅटरीला (जिच्यात ॲसिड घट्ट जेलच्या रूपात असतं) एवढे दिले तर आतल्या जेलमध्ये पोकळ्या पडतात आणि त्या भरून येत नाहीत.

मोजायची ती बॅटरी काही तास निवांत ठेवल्यावर. १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, १२ म्हणजे बरीच उतरलेली. चार्जर काढल्या काढल्या दिसणारा आकडा फसवा असतो. बोट बंद ठेवायची असेल तर महिन्यातून एकदा मोजा आणि १२.४ च्या खाली गेली की भरा. मुख्य स्विच बंद असला तरी आपोआप चालणारा बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) बहुधा थेट बॅटरीला जोडलेला असतो, हे विसरू नका.

पाणी घालताना

डिस्टिल्ड वॉटरच घाला. ॲसिड कधीच नाही, कारण उडून जातं ते पाणी. आणि चार्ज झाल्यावर घाला. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी वाढून ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतंच घालून चार्ज करा, मग पातळी नीट करा. एजीएम (जिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या थरात शोषलेलं असतं) आणि जेल बॅटऱ्या उघडायच्याच नसतात.

लिथियम आहे तशी बसवणं

वजन कमी, शक्ती जवळजवळ सगळी वापरता येते. पण तिचा चार्जर तिला साजेसा हवा, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. आतल्या संरक्षक सर्किटने इंजिन चालू असताना अचानक जोडणी तोडली तर अल्टरनेटर जळू शकतो. इंजिनाची कंपनी परवानगी देत असेल तरच सेल्फसाठी वापरा.

नवीन बॅटरी आणण्याआधी जोड न तपासणं

'टक्' आवाज आला की आधी मीटर काढा. गिअर न्यूट्रलमध्ये, पंख्याजवळ कोणी नाही याची खात्री करा. बॅटरी भरलेली आहे ना, हे पाहून सेल्फ मारताना टर्मिनलवरचे व्होल्ट बघा. ९.६ च्या खाली कोसळले तर बॅटरी संशयित. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारं साधन) असेल तर प्रत्येक सेल तपासा. भरलेला सेल साधारण १.२६ दाखवतो, आणि एखादा इतरांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर तो गेला.

व्होल्ट टिकून आहेत पण सेल्फ फिरत नाही, असं दिसलं तर मीटरची एक पिन बॅटरीच्या खांबावर आणि दुसरी त्यावरच बसलेल्या केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) टेकवा आणि पुन्हा सेल्फ मारा. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष त्या जोडात आहे. असाच प्रत्येक जोड बघत इंजिनापर्यंत जा. खाऱ्या हवेत केबलच्या आत शिरलेला हिरवा गंज बाहेरून दिसत नाही, मीटरला मात्र सापडतो. हाताने फिरवायचे विंग नट कंपनाने सैल होतात. ते बदलून लॉक नट लावा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका.

हे करताना निगेटिव्ह केबल आधी काढा आणि शेवटी लावा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी एका ठिणगीने भडका उडतो, म्हणून बॅटरीच्या कप्प्याची झाकणं उघडी ठेवा. बॅटरी पेटीत पट्ट्याने आवळून बांधा. ती लाटेवर आडवी झाली आणि सेलमध्ये समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. तसा उग्र वास आला तर झाकण उघडायला वाकू नका, आधी मोकळ्या हवेत, वारा येतो त्या बाजूला सरका.