दोघांची प्रायव्हेट लिमिटेड मुलांकडे सोपवण्याआधी: तिसरा माणूस घ्या

शेअर सर्टिफिकेटं, सदस्यांची नोंदवही, पॅन, आधार काढून ठेवा. सर्टिफिकेटवरचं नाव आधारशी जुळतं का ते बघा, पुढे चला.

आता मुख्य काम: तिसरा भागधारक आणि तिसरा संचालक. हेच यादीतून सुटतं, आणि सगळं इथेच अडतं. कितीतरी घरच्या कंपन्यांत नवरा-बायको हेच दोन भागधारक आणि तेच दोन संचालक, कारण कायद्याला किमान तेवढेच लागतात. त्यातलं एक गेलं की संचालक मंडळाचा कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) संपला. उरलेल्या संचालकाला कंपनी कायद्याच्या कलम 174 खाली दोनच गोष्टी करता येतात, कोरमपुरता संचालक वाढवणं किंवा सर्वसाधारण सभा बोलावणं. अतिरिक्त संचालक नेमायचा अधिकार आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत) नसेल तर सभाच घ्यावी लागते, आणि तिलाही दोन सदस्य, म्हणजे भागधारक, प्रत्यक्ष हजर हवेत. गेलेल्याचे शेअर वारसाच्या नावे करायला पुन्हा मंडळाचा ठराव! मग एनसीएलटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे) कलम 98 खाली अर्ज करून एकट्या सदस्याची सभा मंजूर करून आणा, तोवर पगार आणि बँक खोळंबलेली.

म्हणून सज्ञान मुलाला किंवा मुलीला आजच थोडे शेअर बक्षीस द्या. दहासुद्धा पुरतात. एसएच-4 हा शेअर हस्तांतरणाचा फॉर्म भरा, सहीपासून साठ दिवसांत कंपनीकडे द्या, ठराव करा, नोंदवहीत नाव चढवा. कंपनी कायद्याच्या व्याख्येत ‘लहान’ बसत नसेल तर आधी डीमॅट. कागदी शेअरचं हस्तांतरण आता होत नाही. त्यालाच संचालक करा, नेमणूक कळवणारा डीआयआर-12 फॉर्म तीस दिवसांत भरा, त्याची डीएससी (डिजिटल सही) काढा आणि तिची मुदत सांभाळा.

शेअरचं नॉमिनेशन एसएच-13 फॉर्मवर. नवऱ्याची नॉमिनी बायको आणि बायकोचा नॉमिनी नवरा असं करू नका, अजिबात करू नका! एक गेलं की सगळे शेअर एकाकडे येतात, सदस्य उरतो एकच, आणि हे माहीत असून सहा महिन्यांपलीकडे धंदा चालवला तर त्यानंतरच्या देण्यांना तो स्वतः जबाबदार (कलम 3ए). तिसरा माणूस आधीच असेल तर हा प्रश्नच येत नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; तो वारसांसाठी शेअर सांभाळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलंय. मृत्युपत्र वेगळं लागतंच.

मृत्युपत्रात ‘कंपनीचा भोसरीचा गाळा धाकट्याला’ असं लिहाल तर ते वाक्य वाया जाईल. गाळा कंपनीचा आहे, तुमचा नाही. तुमचे आहेत ते शेअर. कुणाला किती ते आकड्यात किंवा टक्क्यांत लिहा. गाळा खरोखर धाकट्यालाच द्यायचा असेल तर तो कंपनीतून बाहेर काढावा लागेल. त्यावर कर आणि मुद्रांक शुल्क किती पडतं ते आधी सीएकडून काढून घ्या. कंपनीला दिलेलं तुमचं कर्ज ही वेगळी मालमत्ता, तिची वेगळी ओळ. साक्षीदार दोन, लाभ मिळणारे नकोत.

भावाभावांत ‘बाहेरच्याला शेअर विकायचे नाहीत’ असा करार असेल तर तो आर्टिकल्समध्ये घाला. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन खटल्यात अशाच घरगुती कराराने कंपनी बांधली जात नाही असा निकाल लागला. त्यासाठी भागधारकांच्या सभेत विशेष ठराव, मग तो नोंदवायला एमजीटी-14 फॉर्म. त्याच ठरावात अतिरिक्त संचालक नेमायचा अधिकारही घालून घ्या.

मूल परदेशात स्थायिक असेल तर त्याला शेअर देण्याआधी फेमाचं (परकीय चलन कायद्याचं) बघा. मंडळाच्या सभेला ते व्हिडिओवर चालतं, पण निदान एक संचालक आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहणारा हवा, म्हणून तिसरा माणूस शक्यतो इथलाच घ्या.

बाकी: बँकेत दुसरी सही, वैयक्तिक हमींची यादी, जीएसटीचा पासवर्ड. गेलेल्याची डीएससी कुणीही वापरायची नाही.