स्केचअपमध्ये घर काढताना मॉडेल अडतं तेव्हा

रेषा, चौकोन, पुश-पुल, मूव्ह आणि टेप ही पाच हत्यारं हाताशी आली की स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक खोली तासाभरात उभी राहते. इंटिरिअर किंवा सिव्हिलच्या डिप्लोमाला आलेल्या मुलांना त्यामुळे वाटतं की सॉफ्टवेअर जमलं. खरी अडचण पुढे येते. चारी बाजू दिसत असूनही फेस, म्हणजे रेषांमधला पृष्ठभाग, भरत नाही, भिंत सरकवली की फरशीही ताणली जाते, खिडकीचं भोक आरपार जात नाही. मग रेषेवर रेषा काढत बसणं किंवा फाइल टाकून पहिल्यापासून सुरुवात करणं, असे दोनच मार्ग सुचतात, आणि दोन्हींत वेळ जातो. मॉडेल जिथे अडलेलं दिसतं तिथे सहसा दोष नसतो. तो आधीच्या एखाद्या पायरीवर शिरलेला असतो, म्हणून दुरुस्तीआधी ती पायरी शोधायला शिकायचं.

पुढचं सगळं एका साध्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला धरून आहे. बाहेरच्या भिंती २३० मिमी, आतल्या ११५, मजल्याची उंची २९००, दाराची उंची २१००, खिडकीची सिल ९०० वर, किचनचा ओटा ८५०.

मापं आधी

आपल्याकडे एकाच कामात तीन भाषांतली मापं येतात. आर्किटेक्टचा नकाशा मिलिमीटरमध्ये असतो, साइटवरची टेप फूट-इंचात वाचली जाते आणि सुतार सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. टेम्प्लेट मिलिमीटरचाच घ्या, पण सुताराने सांगितलेलं माप कॅल्क्युलेटरवर बदलत बसू नका. तीन इंच पाच सूत असेल तर ३ लिहून जागा सोडा, ५/८ लिहा, इंचाची खूण द्या आणि एंटर दाबा. स्केचअप स्वतः बदल करून घेतं. हातांनी बदलताना ९२ मिमी लिहिलं जातं, खरं माप ९२.०७५ असतं, आणि असे कण साठत जातात.

'विंडो' मेनूतल्या 'मॉडेल इन्फो'मध्ये 'युनिट्स' उघडा. 'लेंग्थ स्नॅपिंग' चालू असेल तर बंद करा. ते चालू असताना माउसने ओढलेली रेषा ठरावीक टप्प्यांवरच थांबते, त्यामुळे ती समोरच्या कोपऱ्याच्या अगदी जवळ जाते पण त्याला टेकत नाही. प्रिसिजनही एका दशांशापर्यंत तरी ठेवा. पूर्णांकावर ठेवली तर २२९.७ ची भिंत २३० म्हणून दिसते. आकड्याआधी ~ अशी खूण दिसली तर समजा की दाखवलेलं माप गोळाबेरीज आहे. शिकताना या खुणेकडे कुणी बघत नाही, पण निम्मे घोळ तिथेच सापडतात.

फेस भरत नाही

फेस तयार व्हायला दोन गोष्टी लागतात. रेषांचं वेटोळं पूर्ण बंद हवं आणि सगळे बिंदू एकाच प्रतलात हवेत. स्केचअपची सहनशीलता इंचाचा हजारावा भाग, म्हणजे सुमारे ०.०२५ मिमी. डोळ्यांना जुळलेला कोपरा त्याच्या लेखी उघडा असू शकतो.

आधी फट शोधा. 'स्टाइल्स'च्या एडिटमध्ये एज सेटिंग्जवर जाऊन 'एंडपॉइंट्स' चालू करा. प्रत्येक रेषेच्या टोकाला जाड टिंब येतं, आणि रेषा जिथे नको तिथे तुटली आहे किंवा टोक मोकळं आहे ते लगेच दिसतं. तिथेच रेषांचा रंग 'बाय अॅक्सिस' करा. अक्षाला समांतर रेषा लाल, हिरव्या, निळ्या होतात आणि तिरक्या काळ्या राहतात. सरळ भिंतीची एखादी रेषा काळी दिसली तर गुन्हेगार सापडला. ती खोडा आणि अक्ष बांधून पुन्हा काढा: उजवा बाण लाल अक्षासाठी, डावा हिरव्यासाठी, वरचा निळ्यासाठी.

फट नसेल तर प्रतल तपासा. समोरासमोरचे दोन कोपरे रेषेने जोडा. दोन्ही त्रिकोण भरले, पण ती रेषा खोडताच फेस नाहीसा झाला, तर चारपैकी एक कोपरा वर किंवा खाली आहे. तो कोणता हे 'टेक्स्ट' हत्याराने कळतं. रेषेच्या टोकावर क्लिक करून बाहेर ओढलं की त्या बिंदूचे निर्देशांक उमटतात. चारी कोपऱ्यांचा तिसरा आकडा ताडून बघा. तीन ठिकाणी ० आणि एका ठिकाणी ०.४ असेल तर तो बिंदू मूव्हने वरचा बाण दाबून बाकीच्यांच्या पातळीवर आणा. नुसती नवी रेषा ओढून हा दोष जात नाही, कारण नवी रेषाही त्याच चुकलेल्या बिंदूला जोडली जाते.

साइटवर स्वतः माप घेतलं असेल तर शेवटची रेषा पहिल्या बिंदूला न भिडणं स्वाभाविक आहे, कारण खोली गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसते. ३६०० बाय ३००० ची खोली गुण्यात असेल तर तिचे दोन्ही कर्ण ४६८६ येतात. एक ४६७० आणि दुसरा ४७०० आला तर भिंतीच तिरक्या आहेत. म्हणून साइटवर चार भिंतींबरोबर दोन कर्ण मोजल्याशिवाय निघू नये. मॉडेलमध्ये खोली आहे तशी तिरकी काढायची की सरळ करून घ्यायची, हे कामावर ठरतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत वॉर्डरोब बसवायचा असेल तर तिरकीच काढा. ग्राहकाला फक्त दृश्य दाखवायचं असेल तर सरळ करा. तीन भिंती सरळ आणि चौथी ओढूनताणून जुळवलेली, हा प्रकार मात्र करू नका. त्यावरून काढलेला एकही कटिंग साइज बरोबर येणार नाही.

ऑटोकॅडमधून नकाशा आणताना

डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल, आणताना 'ऑप्शन्स'मध्ये युनिट स्वतः निवडा. २३० ची भिंत टेपने मोजल्यावर ५८४२ भरली, तर मिलिमीटरचा नकाशा इंच समजून आत आला आहे. तो काढून टाका आणि पुन्हा आणा. अंदाजाने स्केल करू नका. फुकटच्या वेब आवृत्तीत डीडब्ल्यूजी आणता येत नाही. तिथे नकाशाचं चित्र आणा, टेपने एखादं लांब ज्ञात माप मोजा, खरं माप लिहून एंटर करा आणि मॉडेलचा आकार बदलायला हो म्हणा. दाराच्या ९०० वरून स्केल केलं तर मिलिमीटरभराची चूक अख्ख्या फ्लॅटवर दहा-बारा मिलिमीटर होते, म्हणून फ्लॅटची पूर्ण लांबी धरा.

नकाशा मूळबिंदूपासून फार लांब आला तर कॅमेरा फिरवताना भिंती अर्ध्या कापल्यासारख्या दिसतात. फ्लॅटचा एक कोपरा पकडून सगळं मूळबिंदूवर आणा. आलेल्या रेषांवरच भिंती उभ्या करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. ऑटोकॅडमधल्या रेषा एकावर एक दोनदा काढलेल्या असतात, काही मिलिमीटरने तुटलेल्या असतात, काहींची उंची शून्य नसते. नकाशाचा ग्रुप करा (सगळ्या रेषा एका गठ्ठ्यात बांधा), लॉक करा आणि त्यावरून आपल्या रेषा नव्याने काढा. दोन बेडरूमच्या फ्लॅटला फार वेळ लागत नाही, आणि पुढचे बरेच तास वाचतात.

चिकटणारी भूमिती

ग्रुप न केलेल्या दोन गोष्टी स्केचअपमध्ये एकमेकींना स्पर्श होताच जोडल्या जातात. भिंत हलवल्यावर फरशी ताणली जाते ती यामुळे. ओट्याचा चौकोन, कपाटाचा तळ, बीमचा काप असं काहीही काढलं की लगेच तीनदा क्लिक करून निवडा, ग्रुप करा, मग ग्रुपच्या आत जाऊन उंची द्या. उंची देऊन झाल्यावर ग्रुप करू म्हटलं तर तोवर ते शेजारच्याला चिकटलेलं असतं. एकसारख्या वस्तूंचे, म्हणजे खिडक्या, शटर, हँडल यांचे 'जी' दाबून कंपोनंट करा. एक बदललं की सगळी बदलतात. एकच वेगळं हवं असेल तर त्यावर राइट-क्लिक करून 'मेक युनिक' करा.

आधी ज्याला लेयर म्हणत त्याला २०२० पासून टॅग म्हणतात, त्यामुळे जुन्या व्हिडिओंत वेगळं नाव ऐकू येईल. टॅग फक्त दिसणं-लपणं सांभाळतो, वस्तू वेगळ्या करत नाही. टॅगच्या यादीतली, चालू टॅग दाखवणारी पेन्सिलची खूण कायम 'अनटॅग्ड'वर असू द्या आणि टॅग फक्त ग्रुप-कंपोनंटला लावा. सुट्या रेषांना टॅग लावला की लपलेल्या रेषा दिसणाऱ्या फेसबरोबर सरकतात, आणि बिघाड कळायला दोन दिवस लागतात.

खिडकीचं भोक आणि जिन्याच्या पायऱ्या

भिंतीवर १२०० उंचीचा चौकोन काढला, पुश-पुलने २३० आत ढकलला आणि आरपार झाला नाही, तर बहुतेक वेळा भिंत २३० नसते. ती २२९.७ असली तर चौकोन मागून ०.३ बाहेर येतो आणि भोक पडत नाही. ती २३०.३ असली तर मागे पातळ पापुद्रा उरतो. म्हणून इथे आकडा लिहू नका. ढकलताना कर्सर भिंतीच्या मागच्या कडेवर न्या आणि तिथेच क्लिक करा. तरीही भोक पडलं नाही तर दोन्ही फेस समांतर आहेत का आणि एकाच ग्रुपमध्ये आहेत का, हे बघा. आयता आणलेला खिडकीचा कंपोनंट भिंतीचा एकच फेस कापतो. जाड भिंतीत मागची बाजू तुम्हालाच कापावी लागते, म्हणून आधी भोक पाडावं आणि मग चौकट बसवावी.

रो-हाउसचा जिना काढताना २९०० उंचीत १८ रायझर (पायरीचे उभे भाग) घेतले तर एकाची उंची १६१.११ येते. १६१ लिहून पायरी काढली आणि १७ वेळा कॉपी केली, तर जिना २८९८ वर संपतो आणि शेवटची पायरी वरच्या स्लॅबला २ मिमीने हुकते. भागाकार स्केचअपलाच करू द्या. २९०० ची उभी रेषा काढा, राइट-क्लिक करून 'डिव्हाइड' निवडा आणि १८ द्या. पायऱ्या त्या बिंदूंना पकडूनच काढा.

फॉलो-मी, उलटे फेस, लुकलुकणारी फरशी

स्कर्टिंग किंवा पीओपीची कॉर्निस फॉलो-मी या हत्याराने करतात. ते एक काप, म्हणजे प्रोफाइल, ठरलेल्या मार्गावरून फिरवतं. प्रोफाइल आणि मार्ग एकाच ग्रुपमध्ये हवेत, प्रोफाइल मार्गाच्या सुरुवातीला काटकोनात हवं आणि मार्ग सलग हवा. एवढं असूनही गोलाईपाशी भोकं पडत असतील तर तुकडे फार बारीक झालेत. ३ मिमीच्या गोलाईला चापाचे नेहमीचे १२ भाग नकोत. चाप काढल्याबरोबर ४ लिहून त्याला इंग्रजी एस जोडा आणि एंटर करा. बारीक नक्षी लागतच असेल तर प्रोफाइल आणि मार्ग यांचा मिळून एक कंपोनंट करा, त्याची कॉपी बाजूला ठेवून १०० पट मोठी करा आणि त्या मोठ्या कॉपीत फॉलो-मी चालवा. मूळ लहान कंपोनंट आपोआप सुधारतो. मग मोठी कॉपी खोडा.

फेसची पुढची बाजू पांढरी आणि मागची निळसर असते. जमिनीवर काढलेल्या पहिल्या चौकोनाची पुढची बाजू खाली जाते, म्हणून फरशी निळसर दिसते. 'रिव्हर्स फेसेस' करून ती लगेच सुलटी करा. रंग-मटेरियल चढवल्यावर हे झाकलं जातं आणि थेट रेंडरच्या वेळी त्रास देतं, तेव्हा अधूनमधून 'मोनोक्रोम' फेस स्टाइल लावून सगळं घर बघा. फिरवताना फरशी लुकलुकत असेल तर एकाच पातळीवर दोन फेस आहेत. टाइलला ८-१० मिमी जाडी द्या. १ मिमीचं लॅमिनेट वेगळं काढू नका, १८ मिमीच्या प्लायवर मटेरियल म्हणून लावा.

फाइल जड होते ती बहुधा थ्रीडी वेअरहाउस या ऑनलाइन संग्रहातून आणलेल्या नळांनी आणि सोफ्यांनी. कंपोनंट आधी कोऱ्या फाइलमध्ये उघडा, 'मॉडेल इन्फो'च्या 'स्टॅटिस्टिक्स'मध्ये एजेस (कडा) किती ते बघा, मगच घरात आणा. वापरात नसलेलं तिथल्याच 'पर्ज अनयूज्ड'ने जातं.

सरावाला आधी स्वतःच्या घरचं किचन घ्या, मग बाथरूम. बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा २०-२५ मिमी खाली असते आणि जाळीकडे उतार असतो. जाळीचा कोपरा मूव्हने १० मिमी खाली नेला की फरशीचे दोन त्रिकोण होतात, कारण ते चार बिंदू आता एका प्रतलात नसतात. घडी कुठे पडेल हे सॉफ्टवेअरवर सोडलं तर ती जाळीच्या शेजारच्या दोन कोपऱ्यांना जोडू शकते. मग अर्धी फरशी सपाटच राहते. कोपरा खाली नेण्याआधीच जाळीपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण काढा. मग दोन्ही अर्ध्या बाजूंना उतार येतो आणि मॉडेलमधलं पाणी जाळीकडे जातं.